यादवी युद्धातला बिल्ला: सैनिकाचा की माजी सैनिकाचा?

मुलाकडे फिलाडेल्फियाजवळ राहायला आलेल्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. एका जुन्या घरातील सामानाच्या विक्रीत त्यांना अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१-६५, उत्तर विरुद्ध दक्षिण) म्हणून एक चांदीचा बिल्ला दाखवण्यात आला. आकार तीन पानांचा, पत्त्यांतल्या किल्वरासारखा. पानांत निळा मीना. मागे टाचणी आणि कोरलेला मजकूर. मजकुरात सैनिकाचे नाव, 'कंपनी ई, ७१ वी पेनसिल्व्हेनिया' आणि त्याखाली बॉल्स ब्लफ, अँटिटम, गेटिसबर्ग अशी तीन लढायांची नावे आहेत. विक्रेत्याने दोन हजार डॉलर सांगितले आहेत. बिल्ला खरा आहे का, या चिन्हाचा अर्थ काय आणि दक्षिणेकडचे सैनिकही असे काही घालत का, असे त्यांनी विचारले आहे.

धातूच्या ऐतिहासिक वस्तूंची तपासणी आणि जतन हे माझे काम असल्यामुळे असे बिल्ले माझ्या टेबलावर नेहमी येतात. 'खरा की खोटा' या प्रश्नाने सुरुवात केली, तर आपण चुकीच्या दिशेने जाऊ. बाजारात दिसणाऱ्या अशा बिल्ल्यांपैकी पुष्कळसे खोटे नसतात. ते जुनेच असतात, परंतु युद्धानंतर वीस, तीस, कधी पन्नास वर्षांनी बनलेले असतात. सैनिकाने रणांगणावर टोपीला लावलेला बिल्ला आणि त्याच सैनिकाने म्हातारपणी स्नेहमेळाव्याला कोटावर लावलेला बिल्ला या दोन्ही अस्सल वस्तू आहेत. त्यांचे चिन्ह एकच असते, कधीकधी नावही एकच असते. किंमत मात्र कितीतरी पट वेगळी असते. म्हणून चिन्हावरून माणूस कोणत्या तुकडीचा हे समजेल, बिल्ला कधीचा हे समजणार नाही. काळ ठरवायचा तो धातू, टाचणी आणि अक्षरे यांवरून.

तरीही आधी चिन्हाविषयी सांगितले पाहिजे, कारण तुमच्या बिल्ल्यातील सर्वांत मोठी अडचण तिथेच आहे. १८६२ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियातील मोहिमेवर असताना उत्तरेच्या सैन्यातील जनरल फिलिप कर्नी यांनी रस्त्याकडेला रेंगाळणाऱ्या काही अधिकाऱ्यांना फैलावर घेतले आणि ते आपल्या डिव्हिजनचे नाहीतच हे त्यांना नंतर कळले, असे सांगतात. (कंपन्यांची रेजिमेंट, रेजिमेंटांची ब्रिगेड, ब्रिगेडींची डिव्हिजन आणि डिव्हिजनांची कोअर, अशी सैन्याची चढती रचना होती.) त्यानंतर त्यांनी आपल्या माणसांना टोपीवर लाल कापडाचा तुकडा लावायला लावला. कर्नी त्याच वर्षी १ सप्टेंबरला शँटिलीच्या लढाईत मारले गेले. लाल तुकडा मात्र त्यांच्या सैनिकांनी अभिमानाने सोडला नाही. पुढच्या वर्षी जोसेफ हूकर उत्तरेच्या पोटोमॅक सैन्याचे सेनापती झाले आणि त्यांचे चीफ ऑफ स्टाफ डॅनियल बटरफील्ड यांनी हीच कल्पना सर्व सैन्याला लागू केली. २१ मार्च १८६३ च्या परिपत्रकाने प्रत्येक कोअरला एक आकार मिळाला. पहिल्या कोअरला वर्तुळ, दुसऱ्या कोअरला तीन पाने, तिसऱ्या कोअरला कर्नींच्या स्मृतीची, पत्त्यांतल्यासारखी चौकट, पाचव्या कोअरला माल्टीज क्रूस, सहाव्याला साधा क्रूस, अकराव्याला चंद्रकोर आणि बाराव्याला तारा. आकार कोअरचा आणि रंग डिव्हिजनचा, अशी ही रचना होती. पहिल्या डिव्हिजनला लाल, दुसरीला पांढरा आणि तिसरीला निळा. हेतू शोभेचा नव्हता. माणूस कोणाचा हे लांबून कळावे आणि एका तुकडीच्या पळपुटेपणाचा ठपका दुसरीवर बसू नये, एवढाच होता.

आता तुमचा बिल्ला पाहा. ७१ वी पेनसिल्व्हेनिया रेजिमेंट ही दुसऱ्या कोअरच्या दुसऱ्या डिव्हिजनमधील फिलाडेल्फिया ब्रिगेडमध्ये होती. ६९ वी, ७२ वी आणि १०६ वी या तिच्या सोबतिणी. म्हणजे तीन पाने बरोबर, परंतु रंग पांढरा हवा. निळा रंग तिसऱ्या डिव्हिजनचा. नुसता पांढरा मीना किंवा मीनाच नसलेली उघडी चांदी असती, तर मला काहीच खटकले नसते.

एवढ्यावरून बिल्ला बनावट ठरवण्याची घाई करू नये, कारण ही विसंगती निरनिराळ्या कारणांनी येऊ शकते. सैनिक बदलीने तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलेला असू शकतो. अधिकाऱ्यांच्या बाबतीत असे अधिक घडे. मूळ मीना उडाल्यावर नंतर कोणी तरी हाताशी असलेला रंग भरलेला असू शकतो. युद्धानंतरच्या काळात सोनारांनी रंगांचा नियम काटेकोरपणे पाळला असेही नाही. चौथी शक्यता मला व्यवहारात सर्वाधिक आढळते, ती म्हणजे नाव नसलेल्या खऱ्या जुन्या बिल्ल्यावर अलीकडे कोणी तरी नाव कोरणे. कोरा बिल्ला स्वस्त जातो, नावाचा महाग जातो. रेजिमेंटच्या छापील याद्या सहज उपलब्ध असल्यामुळे नाव आणि कंपनी बरोबर जुळवणे अवघड नाही. पण डिव्हिजनच्या रंगाकडे अशा कारागिराचे लक्ष बरेचदा जात नाही.

मजकुरातील लढायांवरूनही काळाच्या दोन सीमा आखता येतात. तीन पानांचे चिन्ह मार्च १८६३ पूर्वी असू शकत नाही आणि गेटिसबर्गचे नाव आहे म्हणजे मजकूर जुलै १८६३ नंतरचा आहे. ही रेजिमेंट जुलै १८६४ मध्ये सेवामुक्त झाली. त्यामुळे हा बिल्ला युद्धकाळातील असेल, तर या नावाच्या सैनिकाने तो साधारण एका वर्षाच्या आत बनवून घेतलेला असला पाहिजे. हे अशक्य नाही, कारण त्या काळात अशा जाहिरातींचा सुकाळ होता. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील ड्राउन अँड मूर यांच्यासारखे सोनार 'हार्पर्स वीकली'सारख्या साप्ताहिकांत सैनिकी बिल्ल्यांची जाहिरात करत, टपालाने मागणी घेत आणि नाव व रेजिमेंट कोरून देत. सैन्याकडून मिळे तो कापडाचा तुकडा. चांदी-सोन्याचा बिल्ला हा सर्वस्वी खासगी खर्च होता. साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर, तोही अनेकदा महिनोनमहिने थकलेला. त्यातून त्याने चांदी विकत घेतली याचा अर्थ त्याला त्या चिन्हाचे मोल होते.

तुमच्या मजकुरातील बॉल्स ब्लफचा उल्लेख मात्र जाणकाराचा आहे. फिलाडेल्फियात भरती झालेली ही रेजिमेंट आरंभी 'कॅलिफोर्निया रेजिमेंट' म्हणून ओळखली जाई. ती उभारणारे एडवर्ड बेकर हे ओरेगनचे सिनेटर आणि लिंकन यांचे जवळचे मित्र. २१ ऑक्टोबर १८६१ रोजी बॉल्स ब्लफ येथे ते मारले गेले आणि त्यानंतर रेजिमेंट पेनसिल्व्हेनियाच्या खात्यावर आली. जुन्या सैनिकाला ती लढाई विसरणे शक्य नव्हते. अर्थात इतिहास वाचणाऱ्या लबाडालाही ती माहीत असू शकते, म्हणून या मुद्द्याला मी अर्धेच वजन देतो.

आता वस्तू हातात घेऊन काय पाहायचे, ते सांगतो. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि एका बाजूने तिरका पडणारा दिवा एवढे पुरते. सर्वप्रथम टाचणी पाहावी. त्या काळातील टाचणी साध्या नळीच्या बिजागरीवर फिरते आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या उघड्या आकड्यात अडकते. तिचे टोक बरेचदा आकड्याच्या बाहेर डोकावते. आकड्यावर फिरून बंद होणारी छोटी कडी असेल, तर तो सुरक्षित आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास रूढ झालेला आहे. अशी टाचणी नंतर बदललेली असू शकते, त्यामुळे तिच्या बुडाशी नव्याने डाग देऊन जोडल्याच्या खुणा आहेत का, हेही पाहावे. मळसूत्राने कोटाच्या भोकात बसणारे बटण असेल, तर ते बहुतेक वेळा माजी सैनिकांच्या काळातील असते. सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीच्या काळातले प्लास्टिक, दिसले, तर १८९० च्या दशकाच्या मागे जाऊ नका. हलक्या ॲल्युमिनियमचे बिल्लेही मेळाव्यांत वाटले जात. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची स्वस्त रीत सापडेपर्यंत तो धातू शिपायाच्या आवाक्यातला नव्हता.

चांदीवरील शिक्का हा दुसरा पुरावा. युद्धकाळातील अमेरिकी सोनार सामान्यतः नाण्यांच्या दर्जाची, म्हणजे ९० टक्क्यांची चांदी वापरत. ९२.५ टक्क्यांची 'स्टर्लिंग' चांदी टिफनीसारख्या मोठ्या पेढीत आधीच रूढ झाली होती, परंतु सर्वसाधारण व्यापारात ती १८६० च्या दशकाच्या शेवटी स्थिरावली. तेव्हा छोट्या बिल्ल्यावर ठळक 'स्टर्लिंग' असा छाप दिसला, तर मी त्याला युद्धोत्तर समजूनच पुढे तपासतो. शिक्काच नसणे हे युद्धकाळातील वस्तूत नेहमीचे आहे, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातातील यंत्राने मिश्रधातू मोजता येतो आणि जुन्या चांदीत बहुधा सोने व शिसे यांचा अंश सापडतो; पण जुनी चांदी वितळवून नवा बिल्ला करणारे महाभागही आहेत, म्हणून एकट्या यंत्राच्या उत्तरावर मी विसंबत नाही.

अक्षरे हा सर्वांत बोलका पुरावा. हाताने छिन्नी चालवून कोरलेल्या अक्षराची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी, एका बाजूला खोल आणि टोकाशी निमुळती होते; यंत्राने घासलेली खाच सर्वत्र सारख्या खोलीची असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाच आणि ओरखडे यांचा क्रम. शंभर-दीडशे वर्षे वापरलेल्या चांदीवर बारीक ओरखड्यांचे जाळे पसरलेले असते. ओरखडा अक्षराच्या काठावरून जाताना त्या काठाला खरवडत पुढे गेला असेल, तर अक्षर आधीचे आणि ओरखडा नंतरचा. उलट ओरखडा अक्षराच्या काठाशी कापल्यासारखा थांबून पलीकडे पुन्हा सुरू होत असेल आणि खाचेच्या कडा धारदार असतील, तर अक्षर जुन्या ओरखड्यांवरून नंतर कोरले गेले आहे. बिल्ल्याच्या मागची बाजू कपड्याला घासते म्हणून उंचवटे गुळगुळीत झालेले असणे स्वाभाविक आहे. सगळा पृष्ठभाग झिजलेला आणि अक्षरे तेवढी ताजी, असे असू शकत नाही. खाचेच्या तळाशी असलेला काळेपणाही पाहावा: जुना काळेपणा घट्ट आणि असमान असतो, रसायनाने आणलेला एकसारखा असतो आणि कापसाच्या बोळ्यावर उतरतो.

कृपा करून एक गोष्ट करू नका. आपल्या घरांत चांदी टूथपेस्टने किंवा रांगोळीने आणि तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळायची सवय असते. देवघरातील समईसाठी ते ठीक आहे. या वस्तूवर मात्र पाच मिनिटांत अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि मी वर सांगितलेला सगळा पुरावा धुऊन जातो.

दक्षिणेविषयीच्या तुमच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी सैनिक हे दागिने का घालत, याविषयी थोडे. तुकडीचा अभिमान हे एक कारण झाले. मृत्यूनंतर आपली ओळख पटावी ही धास्ती हे दुसरे. सरकारने दिलेले ओळखपत्र किंवा गळ्यातील पट्टी त्या युद्धात नव्हती. १८६४ च्या जूनमध्ये कोल्ड हार्बरच्या हल्ल्याआधी सैनिक कागदावर नाव-पत्ता लिहून कोटाच्या पाठीवर टाचत होते, असे उत्तरेचे सरसेनापती ग्रँट यांच्या एका सहायकाने नंतर लिहून ठेवले आहे. छावणीमागे फिरणारे व्यापारी याच धास्तीवर पितळेच्या किंवा शिशाच्या मिश्रधातूच्या गोल चकत्या विकत. एका बाजूला गरुड किंवा वॉशिंग्टन यांचा चेहरा आणि 'वॉर ऑफ १८६१' असे शब्द, दुसऱ्या बाजूला नाव, कंपनी आणि गाव एकेक अक्षराचा ठसा ठोकून उमटवलेले. ओळी वाकड्या, अक्षरे वरखाली. खरी चकती बहुधा अशीच ओबडधोबड असते. याशिवाय फ्रीमेसन मंडळाची चिन्हे, प्रेयसीच्या किंवा पत्नीच्या केसांची वेणी घालून केलेली साखळी, असे पुष्कळ काही सैनिकांच्या अंगावर असे. शौर्याची पदके मात्र तुरळक होती. कर्नी यांच्या डिव्हिजनने १८६३ मध्ये स्वतःच्या शिपायांसाठी काशाचा 'कर्नी क्रॉस' काढला आणि तो ॲना एथरिज व मारी टेप या रेजिमेंटबरोबर राहून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या दोन स्त्रियांनाही दिला गेला.

चिन्ह म्हणजे काय, हे समजायचे तर मी पंचविसाव्या कोअरचे उदाहरण देईन. ही कोअर कृष्णवर्णीय सैनिकांची होती. या सैनिकांना १८६४ पर्यंत महिना दहा डॉलर आणि त्यातूनही कपड्यांचे तीन कापून, असा गोऱ्या शिपायापेक्षा कमी पगार मिळत होता. फेब्रुवारी १८६५ मध्ये जनरल गॉडफ्री वाइत्सेल यांनी त्यांच्यासाठी चौरस हे चिन्ह निवडले आणि आदेशात लिहिले की या सैनिकांना आजवर नाकारलेले समान हक्क मिळायला हवेत, म्हणून हे चिन्ह. चारही बाजू सारख्या असलेली आकृती टोपीवर लावून ती माणसे एप्रिलमध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंडमध्ये शिरली. या कोअरचे खरे चौरस बिल्ले क्वचितच बाहेर येतात.

दक्षिणेकडील सैन्यात उत्तरेसारखी कोअरच्या चिन्हांची पद्धत नव्हती. त्यामुळे कोणी 'कॉन्फेडरेट' (म्हणजे दक्षिणेच्या) 'कोअरचा बिल्ला' म्हणून काही दाखवले, तर नम्रपणे नमस्कार करावा आणि पुढे चालू लागावे. तेथे राज्याचे चिन्ह चाले: साउथ कॅरोलिनाचे पामेटोचे ताडासारखे झाड, टेक्सासचा तारा, लुइझियानाचा पेलिकन. १८६० च्या डिसेंबरमध्ये साउथ कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडले, तेव्हा नागरिकही निळ्या फितीची फुले छातीवर लावून हिंडत होते. मेरीलँडची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ते राज्य उत्तरेबरोबर राहिले, पण तेथील अनेक तरुण दक्षिणेसाठी लढायला गेले. त्यांनी राज्याच्या संस्थापक कॅल्व्हर्ट घराण्याच्या ढालीवरील लाल-पांढऱ्या भागातला, टोकांना तीन-तीन गोळे असलेला क्रूस आपली खूण म्हणून घेतला आणि त्याच्या टाचण्या गणवेशावर लावल्या. त्याच ढालीतील काळे-सोनेरी पट्टे उत्तरेच्या बाजूचे मानले गेले. युद्ध संपल्यावर हे दोन्ही भाग एका झेंड्यावर आले आणि १९०४ मध्ये तोच मेरीलँडचा अधिकृत ध्वज झाला. तुम्ही बाल्टिमोरला गेलात, तर टोप्यांपासून मोज्यांपर्यंत सगळीकडे तो क्रूस दिसेल. जुनी टाचणी म्हणून तो विकला जात असेल, तर मात्र काळ ठरवण्याची वर सांगितलेली सगळी कसोटी लावा, कारण हे चिन्ह कधीच वापराबाहेर गेले नाही.

दक्षिणेच्या वस्तूंत मला सर्वांत आवडतात त्या कैद्यांनी बनवलेल्या अंगठ्या. ओहायो राज्यात ईरी सरोवरातील जॉन्सन्स आयलंड या बेटावर पकडलेले कॉन्फेडरेट अधिकारी ठेवले होते. ते कडक रबराची बटणे आणि पट्ट्या कोरून अंगठ्या करत आणि त्यांत शिंपल्याचा किंवा चांदीचा तुकडा बदाम, तारा किंवा क्रूस यांच्या आकारात बसवत. बेटावरील उत्खननात अर्धवट कोरलेले रबरही सापडले आहे. तरीही कोणत्याही काळ्या अंगठीला 'कैद्याची' म्हणून विकण्याचा मोह बाजाराला आवरत नाही. अंगठीबरोबर घराण्यातून आलेले पत्र किंवा नोंद असेल, तरच मी ते नाव लावतो.

पुन्हा उत्तरेकडे येऊ. १८६६ मध्ये इलिनॉयमधील डेकाटर येथे 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' ही माजी सैनिकांची संघटना स्थापन झाली आणि १८९० पर्यंत तिचे चार लाखांहून अधिक सभासद झाले. गेटिसबर्गच्या पन्नासाव्या वर्षी, १९१३ मध्ये, दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांहून अधिक म्हातारे सैनिक रणांगणावर जमले होते. एवढ्या लोकांसाठी चाळीसेक वर्षे बिल्ले बनत राहिले. तीन पाने, चौकटी, तारे असे ढिगांनी. बाजारातील जुन्या मालाचा मुख्य झरा हाच आहे. या संघटनेचे गरुड आणि पाच टोकांचा तारा असलेले पदक बरेच जण 'मेडल ऑफ ऑनर' (अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक) समजतात, कारण दोघांचे रूप पुष्कळ सारखे होते. खरे मेडल ऑफ ऑनर विकणे वा विकत घेणे अमेरिकेत गुन्हा आहे, तेव्हा तसे काही दाखवले गेले तर हात लावू नका. सरकारी रणभूमीवर मेटल डिटेक्टर घेऊन जाणेही कायद्याने बंद आहे, आणि तेथून काढलेली म्हणून सांगितलेली वस्तू घेऊ नये.

नावाची पडताळणी तुम्ही स्वतः करू शकता. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर सैनिकांच्या सुमारे ६३ लाख नोंदी विनामूल्य पाहता येतात. मात्र एकच माणूस दोन-तीन स्पेलिंगांनी आढळतो, म्हणून आकडा नोंदींचा आहे, माणसांचा नाही. नाव कंपनी ई मध्ये सापडले, तर वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारातून सेवानोंद आणि पेन्शनची फाइल मागवावी. सेवानोंदीत तो बॉल्स ब्लफच्या वेळी भरती झाला होता का, हे दिसेल. तो १८६२ मध्ये भरती झालेला असेल, तर त्याने बॉल्स ब्लफ कोरून घेण्याचे कारण नाही आणि प्रश्न तिथेच संपतो. तो गेटिसबर्गमध्ये मारला गेला असेल, तरीही हा मजकूर त्याने स्वतः कोरून घेतलेला नाही, हे उघड आहे.

छायाचित्राशिवाय ठाम मत देणे योग्य नाही. तरीही तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझा कल असा आहे की बिल्ला जुना असावा, बहुधा १८८० च्या आसपासचा, आणि नावाविषयी शंका घ्यायला जागा आहे. निळा रंग मला सोडत नाही. दोन हजार डॉलर ही किंमत युद्धकाळातील, नावासकट सिद्ध झालेल्या बिल्ल्याची आहे. त्या भावाने तो घेऊ नये. विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: बिल्ला ज्या घरातून आला त्या कुटुंबाशी या नावाचा संबंध दाखवणारा कागद, तपासणीनंतर परत करण्याची लेखी मुभा, आणि मागच्या बाजूचे तिरक्या प्रकाशात काढलेले जवळचे छायाचित्र. तिसऱ्या गोष्टीला कोणताही प्रामाणिक विक्रेता नकार देत नाही. छायाचित्रात टाचणीचे बूड आणि '७१' या आकड्यावरून जाणारे ओरखडे स्पष्ट दिसले पाहिजेत. तेवढे इथे टाकलेत, तर अक्षरे आधीची की ओरखडे, हे मी पाहून सांगतो.